पांढरीत भेटलेली बाहुली

आपल्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सर्वांना माहीत आहे. पण तिथल्या जुन्या वस्तीचं उत्खननही झालेलं आहे. अशा जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढरी म्हणतो. पावसानं माती वाहून गेली की पांढरीत खापरं, मणी, कधी भाजक्या मातीची मूर्ती उघडी पडते. उद्या एखादा पोरगा "सर, मले हे बाहुली भेटली" म्हणत वर्गात आला, तर त्याला काय सांगायचं?

आधी पेरू देशाचं उदाहरण पाहू. तिथल्या मोचे लोकांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हुबेहूब माणसाच्या चेहऱ्याची मातीची भांडी घडवली. जगभरच्या हौशी संग्राहकांकडून त्यांना चांगली किंमत येते, म्हणून चोरट्यांनी तिथली थडगी उकरली. भांडं कोणाच्या तरी कपाटात गेलं. ते कोणाच्या थडग्यात, कशाशेजारी होतं, हे मात्र कायमचं पुसलं गेलं.

आता आपल्याकडचं पाहा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची डबी मिळाली. आत एक स्त्रीमूर्ती, सोबत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळं एकत्र, जागच्या जागी मिळालं म्हणूनच ही घरातली पूजेची मांडणी असावी, असा अंदाज अभ्यासकांना करता आला. हेच तीन तुकडे तीन घरी गेले असते तर ती नुसती खेळणी ठरली असती.

मग वस्तू जमवणं वाईटच का? तसं नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपल्या आणि पुढं शासनाला दिल्या. आज तेरलाच त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तेरचं तेरातच राहिलं.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

तेव्हा त्या पोराला रागावू नका. मूर्ती घासूनपुसून धुऊ नका. कुठं, किती खोल, कशाजवळ भेटली, ते त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या, जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. इतिहासाचा एवढा जिवंत धडा पुस्तकात मिळणार नाही.