आधी बूड बघा

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. सप्टेंबर लागला की त्यांच्या काठच्या रस्त्यांवर विक्रीच्या पाट्या लावलेल्या जुन्या पाँटून बोटी दिसू लागतात. थंडीत तळी गोठणार, बोट कुठेतरी भाड्याने ठेवावी लागणार, म्हणून मालक भावात नरमतो. स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला पहिलीवहिली बोट घ्यायची, तर माझ्या मते हाच काळ.

पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांब, दोन्ही तोंडं बंद असलेल्या नळ्या. त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवुडचा डेक आणि भोवती कठडा. मालवणात होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला उलांडी बांधतात. इथे दोन उलांड्या ठेवून मधली होडीच काढून टाकल्यासारखं आहे. मी सेंट क्लाउडला राहते. तिथून रिचमंड हे गाव जवळच. तिथल्या अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ साली लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी डेक टाकला. आजच्या पाँटूनचा धंदा तिथून सुरू झाला.

आम्ही बोट शोधतोय हे कळल्यापासून मालवणहून बाबांचा फोनवर एकच प्रश्न असायचा, "बूड बगलंस काय गो?" पाँटून त्यांनी कधी पाहिलेली नाही, पण प्रश्न अचूक होता. फाटक्या गाद्या, कुजलेला डेक, उडालेला रंग हे सगळं बदलता येतं. तुम्ही खरं तर त्या दोन नळ्या विकत घेता.

हिशेब करून बघा. दोन फूट व्यासाच्या, वीस फूट लांब नळीत सुमारे १,७८० लिटर पाणी मावेल. दोन्ही नळ्या निम्म्या बुडाल्या की बोट, मोटर आणि माणसं मिळून जवळपास तेवढेच किलो वजन पेलतं. उरलेला निम्मा भाग राखीव. नळीत शिरलेलं पाणी ही राखीव ताकद खातं. म्हणून बोट ट्रेलरवर असताना खाली झोपावं, टॉर्च घ्यावा आणि वेल्डिंगची प्रत्येक शिवण हाताचं बोट फिरवून बघावी. मुठीने ठोकत गेलं की पाणी साचलेल्या जागी आवाज बद्द येतो. जुन्या चेपा मला चालतात. चेपेच्या कडेला बारीक चीर असेल तर नाही.

गळती शोधायला नळीत हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की जागा सापडली. पण हवा दोन-तीन पीएसआयच्या वर नेऊ नका. तीन पीएसआय ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दोन फूट व्यासाच्या तोंडावर तो जोर सहाशे किलोंच्या वर जातो. मोठा कंप्रेसर जोडून निघून जाणाऱ्याच्या नळीचं झाकण उडू शकतं. हे काम हातपंपानेच करावं.

आता डेक. आमच्या बोटीचा गालिचा वरून ठाकठीक होता. कठड्याच्या फाटकापाशी त्याची कड उचलून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो काळ्या, ओल्या भुशाने माखलेला. फाटकाजवळ ओले पाय पडतात, म्हणून कूज बहुधा तिथूनच सुरू होते. कठडा सोडवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून नंबर घातला, फोटो काढले. गंजलेले बोल्ट फिरेनात, ते ग्राइंडरने कापले. आठ फूट रुंद, वीस फूट लांब डेकला चार बाय आठचे पाच तक्ते आडवे बरोबर बसतात.

दुकानात कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं हिरवट प्लायवुड मिळतं. त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि तांबं, ॲल्युमिनियम व ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे डेक टिकेल आणि खालच्या पट्ट्या जातील. तांबं नसलेलं पाऊण इंची मरीन प्लायवुड घ्यावं, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजावं आणि बोल्ट स्टेनलेसचे वापरावेत. पैसे इथे खर्च करा. सोफे पुढच्या वर्षी घेता येतात.

मोटर कळत नसेल तर मेकॅनिकला सोबत न्या. गिअरचं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास हवं. बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कागदांशी जुळवा. तो जुळत नसेल तर पैसे देऊ नका.

सगळं जोडून झाल्यावर पुढच्या फाटकाची कडी नवी बसवा, जुनी कितीही चालती असली तरी. मुलांना पुढे कठड्याबाहेर पाय सोडून बसायला फार आवडतं. तिथून पडलेलं माणूस दोन नळ्यांच्या मधून थेट पंख्याकडे जातं. आमच्या बोटीवर फाटकाला कडी लागल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, पाहुणे कितीही घाईत असोत.