घरातले ऊन आणि घरातली माणसे

आमच्या घरी फुलझाडे आली ती एका दुःखाच्या निमित्ताने. सासरे गेले आणि वर्षश्राद्धानंतर सासूबाई वाईचे घर बंद करून पुण्यास आमच्याकडे राहावयास आल्या. वाईच्या परसात पारिजातक होता, सोनचाफा होता, विहिरीच्या कडेला जास्वंदी होत्या. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरील दोन गॅलऱ्या. जन्मभराच्या सवयीने त्या पहाटे पाचला उठत. परंतु उठून करावयाचे काय, हा प्रश्न त्यांना रोज पडत असावा. पलंगाच्या कडेवर हात मांडीवर ठेवून त्या उजाडण्याची वाट पाहत बसत. पूजेच्या फुलांची पुडी फुलवाला दाराच्या कडीला अडकवून जाई. ती उघडून त्या म्हणत, "कालची आहेत गं ही."

एका रविवारी आम्ही उभयता नर्सरीत गेलो आणि जे जे फुललेले दिसले ते ते घेऊन आलो. मोगरा, तीन रंगांचे गुलाब, शेवंती, जास्वंद, अबोली, अशा चौदा कुंड्या झाल्या. तीन महिन्यांत त्यांतील चारच उरल्या. झाडे गेल्याचे मला फारसे वाटले नसते. परंतु प्रत्येक कुंडी वाळली की सासूबाई म्हणत, "माझ्या हाताला आता यश नाही." ज्या माणसाने नुकतेच एक मरण पाहिले आहे, त्याच्या हाती आपण हौसेने दहा मरणे दिली, हे ध्यानात आले तेव्हा मी खरोखर खजील झाले. चूक त्यांच्या हाताची नव्हती, नर्सरीचीही नव्हती. आम्ही झाडे डोळ्यांना आवडली म्हणून निवडली. घर पाहून निवडली नाहीत.

घर पाहणे म्हणजे पहिल्याने ऊन पाहणे. सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीत उभे राहून थेट ऊन कोठवर आले आहे ते कागदावर टिपावे. उजेड आणि ऊन यांत फरक आहे. स्वच्छ उजेडाची खोली माणसास पुरते, मोगऱ्यास पुरत नाही. शिवाय ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात आतपर्यंत उजळते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. त्या दिवसांत दक्षिणेकडील कुंड्या छताच्या सावलीत जातात आणि उत्तरेच्या गॅलरीला तिच्या वाट्याचे ऊन मिळते. आमचा मोगरा उत्तरेच्या गॅलरीत ठेवला होता. पाने हिरवीगार, फूल एक नाही!

थेट ऊन पाच-सहा तास मिळत असेल तर मोगरा, गुलाब, जास्वंद, झेंडू, शेवंती, सदाफुली आणि गोकर्ण यांतून खुशाल निवड करावी. सकाळचे कोवळे तीन-चार तासच मिळत असतील तर अबोली, तेरडा, बेगोनिया ही झाडे समाधानाने राहतात. त्याहूनही कमी ऊन असेल तर फुलांचा हट्ट सोडून पानांच्या शोभेवर समाधान मानावे. हे सांगताना मला वाईट वाटते. परंतु फुलणार नाही असे झाड आणून रोज त्याच्यापुढे उभे राहणे त्याहून वाईट.

दुसरे कारण पाण्याचे. कुंडीतील झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक अतिपाण्याने मरतात. नर्सरीतून येणाऱ्या रोपाची मुळे पुष्कळदा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात असतात. वरून माती कोरडी दिसते, आत चिखल असतो, आणि मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण आम्हांस मानवले. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. सासूबाईंना हे शिकवावे लागले नाही. वाईला झाडे जमिनीत होती, त्यांना रोज घागरभर पाणी चाले. कुंडीचे गणित निराळे आहे एवढेच त्यांना उमगायचे होते.

उरलेल्या चारांपैकी मोगरा एक होता. त्याला उचलून आग्नेयेच्या गॅलरीत ठेवले. जानेवारीच्या अखेरीस एके दिवशी पाहते तो सासूबाईंनी त्याचे पाणी बंद केलेले. आठ-दहा दिवसांनी त्यांनी त्याची उरलीसुरली पाने हाताने ओरबाडून काढली, कात्रीने फांद्या निम्म्याहून खाली आणल्या, वरची माती उकरून शेणखत घातले आणि मग भरपूर पाणी दिले. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "अगं, असंच करायचं असतं. हे करायचे दर वर्षी. मी नुसती बघायची." सासरे गेल्यानंतर त्यांच्याविषयी आपण होऊन त्या बोलल्या, ते मी प्रथमच ऐकले. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकांवर. जुन्या काड्या राखल्या तर झाड वाढते, फुलत नाही. म्हणून ही निर्दय दिसणारी छाटणी. मार्चमध्ये पहिल्या कळ्या दिसल्या, आणि संध्याकाळी त्या उमलू लागल्या की सासूबाईंची बैठक पलंगावरून गॅलरीत गेली.

शेवंतीने आम्हांस वर्षभर कोड्यात टाकले. ऊन होते, खत होते, तरी दिवाळी उलटून गेली आणि कळी नाही. शेवंती रात्रीची लांबी मोजणारे झाड आहे. पावसाळा सरून रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिच्यात कळी धरते. मात्र ती रात्र अखंड अंधाराची हवी. आमच्या गॅलरीतील दिवा चोरांच्या भीतीने रात्रभर जळत असे! पुढील वर्षी ऑगस्टपासून तो बंद ठेवला आणि डिसेंबरात कुंडी पिवळ्या फुलांनी झाकून गेली. ज्यांच्या खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे, त्यांनी शेवंती घेण्यापूर्वी विचार करावा.

आता माणसांकडे वळू. आमच्या चिरंजीवास, म्हणजे सासूबाईंच्या नातवास, लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. घरात फुलझाडे आणली तेव्हा नातेवाइकांनी मला बोल लावला. या बाबतीत आपल्याकडे बराच गोंधळ आहे. हवेतून नाकात जाऊन शिंका आणि दमा उठविणारे पराग बहुधा वाऱ्यावर फलधारणा होणाऱ्या वनस्पतींचे, मुख्यतः गवतांचे आणि तणांचे असतात. ते हलके आणि अगणित असतात. ज्या फुलांकडे मधमाशा आणि पतंग येतात, त्यांचे पराग जड व चिकट असतात, ते सहसा दूर उडत नाहीत. म्हणून जास्वंद किंवा गोकर्ण यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र उग्र वास हा स्वतंत्र विषय आहे. रातराणीसारख्या सुगंधाने काहींचे डोके दुखते, काहींचा दमा चाळवतो. आम्ही रातराणी आणली नाही. मोगऱ्याची कुंडी मुलाच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून दूर ठेवली, आणि पहिले काही दिवस त्याच्या श्वासाकडे लक्ष दिले. आपल्या डॉक्टरांना विचारून आणि आपल्या माणसाला पाहून ठरवावे हे उत्तम.

दुसरी ॲलर्जी त्वचेची. गाजरगवत हे तण भारतात पसरू लागले ते १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरातून, आणि त्याच्या स्पर्शाने हातांवर, मानेवर, पापण्यांवर खाज व चट्टे उठणारी माणसे आज गावोगावी आहेत. शेवंती आणि झेंडू ही फुले त्याच कुळातील. ज्यांना गाजरगवत सोसत नाही, त्यांपैकी काहींना शेवंती खुडतानाही तसाच त्रास होतो. सणाच्या दिवशी हार ओवून झाल्यावर बोटे सुजत असतील तर दोष सुईदोऱ्याचा नव्हे. अशांनी हातमोजे घालावेत किंवा जास्वंदी लावाव्यात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावा असे वाटले. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला पिवळ्या कण्हेरीची रांग आहे. तिच्या फळातील कठीण बी म्हणजे बिट्टी. सासूबाईंच्या पिढीतील मुले बिट्ट्यांनी खेळत. चिरंजीव पाच वर्षांचा असताना खिसा भरून बिट्ट्या घेऊन वर आला. आजीला त्या ओळखीच्या वाटतील म्हणून तिच्यापुढे ओतल्या, आणि एक दातांत धरून फोडू लागला. सासूबाईंनी त्याच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली. बी फुटलेली नव्हती. त्यांनी त्याला चूळ भरावयास लावली आणि मग तेथेच खाली बसल्या. त्यांचे हात थरथरत होते.

कण्हेर तांबडी, पांढरी, पिवळी कोणतीही असो, तिची पाने, फळे, चीक, सारेच विषारी. ते विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते; उलट्या होतात, नाडी मंद व अनियमित होते, मृत्यूही ओढवू शकतो. असे काही पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नये. मीठपाणी पाजून घरी उलटी काढू नये. झाडाची फांदी किंवा फळ सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. गुलबक्षीच्या मिऱ्यासारख्या काळ्या बिया आणि मुळे, धोत्रा, रातराणीची फळे, कळलावीचा कंद हीही याच यादीतील. लहान मूल रांगत्या वयापासून शाळेत जाईपर्यंत या झाडांना घरात जागा देऊ नये. पुढे हौस पुरवता येते.

सदाफुलीविषयी वेगळे सांगावयास हवे, कारण ती निरुपद्रवी दिसते आणि कुंडीत बारमाही फुलते. मूळची मादागास्करची ही वनस्पती कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन या औषधांची जननी आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही वापरतात. हे कानी पडल्यामुळे असेल, मधुमेहासाठी तिची पाने चघळणारे लोक मला भेटले आहेत. जे द्रव्य डॉक्टर मोजून, रक्त तपासून शिरेतून देतात, ते पानांतून अंदाजाने पोटात घालू नये. सदाफुली पाहण्यासाठी लावावी.

कुंडीखालच्या ताटल्यांचा प्रश्न पावसाळ्यात बिकट होतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात, म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ताटली घासावी, किंवा ती वाळूने भरून ठेवावी. माती आणि शेणखत हाताळणाऱ्या मोठ्या माणसांनी धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतली आहे ना, ते पाहावे. गुलाबाचा काटा रुतणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण सासूबाईंनी शेवटची लस केव्हा घेतली ते घरात कोणालाच सांगता आले नाही.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे. न गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे. जे फूल केसांत माळावयाचे, देवास वाहावयाचे आणि नातवाच्या हाती पडावयाचे, त्यावर जहाल कीटकनाशक आम्ही घालत नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस तोंडावर असेल. झेंडूचे बी जूनअखेरीस ट्रेमध्ये पेरले, महिन्याभराने रोपे कुंडीत लावली आणि टोके एकदा खुडली, तर दसऱ्याच्या सुमारास घरची फुले मिळतात. गोकर्णाच्या बिया रात्रभर भिजवून लावाव्यात. एका वेळी तीन कुंड्यांहून अधिक आणू नयेत, असे मी आता सर्वांना सांगते. लोक अर्थातच ऐकत नाहीत.

राहता राहिला पारिजातक. तो कुंडीत सुखाने राहणारा नव्हे. सोसायटीच्या सभेत सासूबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि मागील कुंपणाजवळची हातभर जागा मागून घेतली. बिट्टीची एक फांदी तोडून तेथे पारिजातक लागला. तिसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, पहिला सडा पडला. पारिजातकाची फुले रात्री उमलतात आणि उजाडता उजाडता गळतात. म्हणून त्या झोपण्यापूर्वी झाडाखाली जुने धुतलेले लुगडे अंथरून येतात. सफाईवाली सहाला झाडू घेऊन येते. तिच्या आत पोहोचावे म्हणून साडेपाचला परडी घेऊन निघतात, आणि लिफ्ट वर यावयास वेळ लावते म्हणून कठड्याला धरून जिन्यानेच उतरतात.