घरचा केर, बागेतला कचरा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतो. एरवीही तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. केर काढण्याच्या साध्या साधनाला एवढा मान देणारी आपण माणसे उंबरठा ओलांडला की इतकी कशी बदलतो, हा प्रश्न मला हिवाळ्यात फार छळतो. कारण हिवाळ्यात मी रोज सकाळी पुण्याच्या सारसबागेत फिरायला जाते.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करविले. त्या तळ्यातल्या बेटावर गणपतीचे देऊळ झाले. ते मोठे तळे आज उरले नाही, पण गणपती मात्र ‘तळ्यातला’च राहिला! थंडी पडली की पुजारी त्याला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. देवाला हुडहुडी भरू नये म्हणून केवढी ही माया! आणि तीच माया पाहून प्रसन्न झालेली मंडळी बाहेर पडतात, ती हातातली रिकामी पुडी मेंदीच्या कुंपणात खोचून.

फिरायला जाताना मी एक जुनी कापडी पिशवी, रबरी हातमोजे आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला चिमटा बरोबर घेते. दोन फेऱ्यांत पिशवी भरते. बिस्किटांची वेष्टने, चहाचे पेले, सिगारेटची थोटके, पानमसाल्याच्या पुड्या. राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2018 साली आली, आणि प्लॅस्टिकच्या चमच्यांवर देशभर 1 जुलै 2022 पासून आली. मेंदीच्या मुळाशी मात्र यांतला एकही कायदा पोहोचलेला दिसत नाही.

कुणी म्हणेल, कागदी पेला आणि थोटूक मातीत मिळून जाईल. तसे होत नाही. त्या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि थोटकातला कापसासारखा दिसणारा बोळाही एक प्रकारचे प्लॅस्टिकच असते. वेफर्सची चकचकीत पुडी तर प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवून केलेली. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही तिला हात लावीत नाही.

हिवाळ्यात याची झळ अधिक. पानगळीच्या ढिगात या पुड्या मिसळतात आणि कुठे ना कुठे त्या ढिगाची शेकोटी होते. उघड्यावर कचरा जाळायला नियमांनी मनाई आहे, पण थंडीला नियम कोण सांगणार? सकाळची गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि धुरालाही वर जाऊ देत नाही. आरोग्यासाठी लवकर उठलेली माणसे मग तोच धूर छातीत भरून घेतात.

बागेत झाडणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या, “बाई, पानांचं काय वाटत नाही हो. पानं झाडाची, ती पडायचीच. पण कुंपणाखाली हात घातला की काच लागती.” आणि त्यांनी बोट पुढे केले. त्या बोटावर जुन्या जखमांच्या तीन रेघा होत्या.

माझे वाकणे पाहून मात्र ओळखीचे लोक संकोचतात. “बाई, तुम्ही कशाला? माणसे आहेत ना त्यासाठी!” असे एका सभ्य गृहस्थांनी मला सुनावले. घरात मी रोज केर काढायला वाकते, त्याचे कधी कुणाला नवल वाटले नाही. बागेत वाकले की ती शोभा जाते! आपला हात धरून ठेवतो तो आळस नव्हे. हे काम अमक्यांचे, आपले नव्हे, ही फार जुनी समजूत तो हात धरते.

भाषेतही ती शिरली आहे. घरातला तो ‘केर’, बाहेरचा तो ‘कचरा’. आणि तो कचरा जो उचलून नेतो त्याला आपण ‘कचरेवाला’ म्हणतो! टाकणारे आपण, आणि नाव मात्र उचलणाऱ्याला. 1993 साली पुण्यातल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली, ती या कामाला काम म्हणून मान मिळावा यासाठीच.

गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. गावात शिरताच ते हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी रस्ता, मग उपदेश. आपण त्यांचे कीर्तन आठवणीत ठेवले आणि खराटा भिंतीला टेकवून दिला.

पाडव्याच्या पहाटे सारसबागेत दिवे लावायला पुष्कळ कुटुंबे जातील. पणत्यांबरोबर एक रिकामी पिशवीही न्या. मुलांच्या हाती ती द्या, आणि पहिली पुडी मात्र त्यांच्यादेखत स्वतः वाकून उचला.