यंत्रमानव आणि खोलीचा कोपरा

‘यंत्रमानव’ म्हटले की दोन हात, दोन पाय आणि लोखंडी चेहरा असलेली आकृती डोळ्यांसमोर उभी राहते. प्रत्यक्षात पुण्याच्या घरांत आलेला यंत्रमानव जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा, वाटोळा आणि जमिनीसरसा आहे. तो केर काढतो. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने असे यंत्र २००१ मध्ये विक्रीस आणले. अमेरिकेतला ‘रूम्बा’ २००२ मध्ये आला. आता सदाशिव पेठेत जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींतही ही यंत्रे फिरताना दिसतात. त्यांच्या हुशारीचे कौतुक पुष्कळ होते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका अडचणीविषयी. खोलीचा मधला भाग ती लख्ख करतात, पण भिंतीच्या कडेचा आणि कोपऱ्यातला केर राहतो.

माझी आई सदाशिव पेठेत चार घरी केर-फरशी आणि भांडी करते. त्यांपैकी एका घरी गेल्या दिवाळीत हे यंत्र आले, म्हणून मला ते जवळून पाहता आले. मी कला शाखेचा विद्यार्थी; तरीही हे कोडे सुटेपर्यंत चैन पडेना.

पहिले कारण भूमितीचे. (वाचकांनी घाबरू नये, दहावीपलीकडचे काही नाही.) वर्तुळ काटकोनात कधीच पूर्ण शिरत नाही. यंत्राचा व्यास ३४ सेंटिमीटर धरला, तर ते दोन्ही भिंतींना टेकले तरी कोपऱ्याच्या टोकापासून सुमारे ७ सेंटिमीटर दूरच राहते, आणि साधारण ६२ चौरस सेंटिमीटर जागा त्याच्या पोटाखाली येतच नाही. एका खोलीचे चार कोपरे म्हणजे जवळजवळ २५० चौरस सेंटिमीटर.

पण खरी गोम सरळ भिंतीपाशी आहे. केर उचलणारा फिरता रोलर यंत्राच्या पूर्ण रुंदीचा नसतो. दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते, त्यामुळे बऱ्याच यंत्रांत तो निम्म्या रुंदीचाच असतो. म्हणजे यंत्र भिंतीला घासून चालले तरी रोलर आठ सेंटिमीटर आतच राहणार! ही उणीव भरून काढण्यासाठी कडेला तीन-चार काड्यांचा एक छोटा ब्रश लावतात. मिशीसारखा तो बाहेर डोकावतो आणि भिंतीलगतचा केर रोलरपुढे ओढतो. कल्पना चांगली आहे. मात्र ब्रश वेगाने फिरला की तांदळाचा दाणा आत येण्याऐवजी खोलीभर उडतो. म्हणून चांगल्या यंत्रांत भिंतीजवळ त्याचा वेग कमी करतात. आईने हे पाहिले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “कडेला झाडू हळूच ओढायचा असतो.”

दुसरी अडचण भिंत ओळखण्याची. बऱ्याच यंत्रांच्या कुशीत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडणारा दिवा असतो. भिंतीवरून तो प्रकाश किती परत आला यावरून अंतराचा अंदाज होतो. पांढरी भिंत प्रकाश भरपूर परत करते, काळी फार थोडा. आपल्याकडे भिंतीच्या पायथ्याशी काळ्या दगडाची पट्टी बसवण्याची हौस. तेथे साध्या यंत्राला जवळची भिंतही दूरची वाटते आणि ते धडकते. नुसता उजेड न मोजता, प्रकाश कोणत्या कोनातून परत आला हे पाहिले तर रंगाचा घोळ पुष्कळ कमी होतो.

भिंत ओळखली तरी तिच्याशी समांतर चालणे ही आणखी निराळी विद्या. अंतर वाढले की वळ, कमी झाले की उलट वळ, एवढेच शिकवले तर यंत्र नवशिक्या सायकलस्वारासारखे नागमोडी जाते. मग कडेला कोठे पट्टा निघतो, कोठे राहतो. त्यासाठी अंतर किती आहे याबरोबरच ते किती वेगाने बदलते आहे, हेही त्याला मोजायला लावतात.

मग यंत्र चौकोनीच का करू नये? गोल यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरू शकते. त्याचा कोणताही भाग बाहेर येत नाही, म्हणून ते खुर्च्यांच्या पायांतूनही सुटते. चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा. भिंतीला चिकटून फिरायला गेला की कोपरा आपटलाच. अमेरिकेच्या नीटो कंपनीने २०१० मध्ये पुढून सपाट, मागून गोल असे यंत्र काढून मधला मार्ग शोधला. रुंद रोलर अगदी पुढे आल्याने कड छान निघे, पण वळण्यासाठी आधी मागे सरावे लागे. ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. अलीकडच्या काही महागड्या यंत्रांत गोल आकार कायम ठेवून, कोपरा आला की कडेचा ब्रश लहानशा हातावर बाहेर सरकतो. मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आईचा झाडू पाहा : तो एका बाजूने तिरका झिजलेला असतो, कारण त्याचे टोक रोज कोपऱ्यात दाबले जाते.

आता हे सारे मी का लिहितो आहे? यंत्र आल्यावर त्या घरच्या आजी आईला म्हणाल्या, “मधलं सगळं आता हेच करतं. तुम्ही फक्त कडा नि कोपरे बघा.” आणि पगारातून तीनशे रुपये कमी झाले. हिशेब वरवर चोख वाटतो. क्षेत्रफळ पाहिले तर कडा कितीशा? पण केर क्षेत्रफळाप्रमाणे पसरत नाही. पायांनी आणि पंख्याच्या वाऱ्याने तो मधून हलतो आणि जेथे वारा मंद तेथे, म्हणजे भिंतीशी, कपाटाखाली, दारामागे, साठतो. वाकायचे, सरकवायचे, बोटाने उकरायचे काम तेथेच असते. मधला भाग आई उभ्या उभ्या दोन मिनिटांत झाडत असे. जे काम यंत्राच्या कारखानदारांना वीस वर्षांत पुरते साधले नाही, ते ‘फक्त’ कसे?

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये पगारासाठी संप केला होता, हे मला याच वर्षी वाचनालयात कळले. आईला सांगितले तर तिने तो कसा मिटला ते विचारले. मग वरची आकडेमोड आणि कोपऱ्यातल्या वर्तुळाची आकृती मी तिला वहीच्या पानावर काढून दिली. ते पान तिने पिशवीत ठेवले आहे. एक तारखेला ती आजींशी बोलणार आहे.