हरीण जंगलात राहतं, पण जंगलात नेमकं कुठे?



परिसर अभ्यासाच्या चाचणीत मी एक साधा प्रश्न दिला होता. 'हरीण कोठे राहते? दोन वाक्यांत लिहा.' उत्तर माझ्या डोक्यात तयार होतं : हरीण जंगलात राहते, ते कळपाने गवत चरते. आमची शाळा कोयनेकडच्या डोंगरात. वरच्या धनगरवाड्यावरून रोज चालत येणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, "हरीण कारवीत राहतं. एकटंच असतं." मी 'एकटंच' वर लाल रेघ मारली, वर 'कळपाने' असं लिहिलं आणि दोनपैकी एक गुण दिला.

चूक माझी होती. माझ्या डोळ्यासमोर चित्रातलं ठिपक्यांचं चितळ होतं. तिच्या डोळ्यासमोर होतं भेकर, जे ती येता-जाता बघते.

आपण 'हरीण' हा एकच शब्द सगळ्यांना वापरतो, तिथूनच घोळ सुरू होतो. काळवीट, चिंकारा, चौसिंगा ही कुरंग गटातली. त्यांची शिंगं कायमची असतात. चितळ, सांबर, भेकर हे सारंग गटातले. त्यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची असतात, गळून पडतात आणि पुन्हा येतात. डोंगराळ जंगलात आपला संबंध मुख्यतः या दुसऱ्या गटाशी येतो. पण एका गटातले असले तरी तिघांची घरं वेगवेगळी आहेत.

आधी भेकर घेऊ. वजन साधारण 20 ते 28 किलो, म्हणजे एखाद्या शेळीएवढं. पाठ कमानदार, मागचा भाग खांद्यापेक्षा किंचित उंच, मान खाली घालून चालणार. नराची शिंगं आखूड आणि मागे वळलेली. हे शरीर नीट पाहिलं की ते कुठे राहत असेल याचा अंदाज येतो. कारवीच्या दाट काठ्यांमधून, करवंदीच्या जाळीखालून हे सरळ आत शिरतं. कुत्र्याने पाठलाग केला तर भेकर उघड्यावर पळत सुटत नाही, जाळीत घुसतं. लपून जगणाऱ्याला कळप कशाला हवा? दहा जण एकत्र लपू शकत नाहीत. म्हणून ते एकटं असतं, फार तर जोडीने किंवा पिल्लासोबत. त्याचं खाणंही त्याला साजेसं : कोवळा पाला, कोंब, खाली पडलेली फळं. आवळा ते गिळतं आणि नंतर रवंथ करताना बी तोंडातून टाकून देतं. आवळ्याचं रोप कधी कधी झाडापासून लांब, भलत्याच ठिकाणी उगवलेलं दिसतं, त्यामागे भेकर असू शकतं. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, तेही बराच वेळ. शाळेत नवीन आलो तेव्हा रात्री मी ते भटकं कुत्रंच समजलो होतो!

सांबर मात्र थेट उलट. भारतातलं सगळ्यात मोठं हरीण. मोठा नर अडीचशे-तीनशे किलोपर्यंत भरतो. एवढं जड जनावर सपाटीवर असेल असं वाटतं, पण सांबराला चढ आवडतो. दिवसा ते उतारावरच्या दाट झाडीत, घळीच्या वरच्या अंगाला सावलीत बसून राहतं आणि अंधार पडला की खाली पाण्याकडे, गवताकडे उतरतं. मुलं विचारतात, "सर, एवढी मोठी शिंगं घेऊन झाडीतून जातं कसं?" ते तोंड वर करतं, शिंगं पाठीवर टाकतं आणि वाट काढतं. पाण्याचं त्याला वेडच. चिखलात लोळतं, उत्तम पोहतं. चांदोली आणि कोयना भागातली काही गावं उठली, त्यांची शेतं पुढे गवताळ झाली. त्या मोकळ्या जागांवर रात्री सांबरं आणि गवे चरायला येतात. म्हणजे त्याला दाट झाडी पाहिजे आणि जवळ मोकळं गवतही पाहिजे. नुसतं एक असून भागत नाही.

आणि चितळ? ते सपाट किंवा हलक्या चढउताराचं, झाडीच्या कडेचं, आखूड गवताचं प्राणी. पाणी जवळ लागतं. कळपात अनेक डोळे, अनेक कान, धोका दिसला की मोकळ्यावर धाव. ताडोबा-पेंचकडे ते भरपूर दिसतं ते यामुळे. कोयनेसारख्या पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, उभ्या कड्यांच्या आणि गच्च रानाच्या भागात ते सहजी रमणार नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातलं हरीण बहुतेक वेळा हेच असतं, आणि डोंगरातल्या मुलांनी ते पाहिलेलंच नसतं.

जाता जाता पिसोरीचं नाव घेतो. तीन-चार किलोच्या आतली, सशापेक्षा जराशीच मोठी, रात्री फिरणारी, दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत बसणारी. लोक तिला हरीण म्हणतात, पण ती खऱ्या हरणांच्या कुळातली नाही. तिला शिंगंच नसतात.

हे सगळं वर्गात शिकवायला मी फळ्यावर डोंगराचा उभा छेद काढला. वर सडा, मग कडा, कारवीचा उतार, घळ, ओढा, शेवटी गावाजवळचा माळ. मुलांनी कागदी प्राणी कापून जागा दिल्या, आणि प्रत्येकाला 'इथंच का?' याचं उत्तर द्यायला लावलं. एकाने भेकर सड्यावर लावलं. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "तिथं लपल कुठं?" धनगरवाड्यावरच्या मुलांनी त्या दिवशी मला बरंच शिकवलं. ओल्या मातीतला करडाच्या खुराएवढा ठसा भेकराचा, हे त्यांनीच दाखवलं.

एक गोष्ट मात्र मी तयारीत धरलीच नव्हती. खडू घेऊन मी कारवीच्या उतारावर काळा पट्टा ओढला आणि म्हटलं, इथं वणवा लागला. आता? आमच्याकडे फेब्रुवारीपासून हे दरवर्षी होतं. नवीन गवत चांगलं येतं म्हणून पेटवणारेही आहेत आणि विडी टाकून जाणारेही. वणवा दिसला की आपण म्हणतो, 'प्राणी पळून जातात.' पण भेकर पळण्यावर जगतच नाही, ते आडोशावर जगतं. मुलांनी भेकर उचललं आणि घळीत नेलं. तिथे सांबर आधीच बसलेलं होतं. पाणी आटत चाललेल्या त्या घळीवर बिबट्याही येतो, हे सांगायची गरज पडली नाही. मग कोणीतरी भेकर गावाच्या माळावर ठेवलं आणि वर्ग गप्प झाला, कारण माळावर कुत्री असतात हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी फाडलेलं भेकर त्यातल्या दोघांनी बघितलं होतं.

पालकांना एवढंच सांगतो, मुलं घरी येऊन बांध किंवा उतार पेटवू नका म्हणाली तर ती शाळेत ऐकलेलं नुसतं पोपटासारखं बोलत नाहीयेत. त्यांनी ते भेकर स्वतः हातात धरून जागा शोधली आहे.

त्या मुलीची उत्तरपत्रिका मी परत मागून घेतली आणि दोनपैकी दोन केले. तिने बघितलं आणि विचारलं, "सर, मग कळपाने लिहिलेल्यांचं काय?" त्यांचंही बरोबरच आहे म्हटलं, पण ते दुसरं हरीण. या वर्षी प्रश्न बदलला आहे : 'तुम्हाला माहीत असलेल्या एका हरणाचे नाव लिहा. ते डोंगराच्या कोणत्या भागात राहते आणि का?' तपासायला वेळ जास्त लागतो.