आजीची ओवी फोनमध्येच अडकलीय? आवाज अन् व्हिडिओ मेलने कसा पाठवायचा, ब्लॉगवर कसा टाकायचा, समजून घ्या

जात्यावरच्या ओव्या, सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाचा हरिपाठ, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, बचत गटाच्या मसाल्यांची माहिती. गावातल्या बहुतेक घरांत आता असं काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं आणि ते सगळं एकाच फोनमध्ये पडून असतं. फोन विहिरीत पडला, चोरीला गेला किंवा जागा भरली म्हणून पोरांनी गॅलरी साफ केली, की सगळं एका झटक्यात जातं. नाटक पुढच्या वर्षी पुन्हा बसवता येतं. ऐंशी वर्षांच्या आजीचा आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.

मग कुणी म्हणतं, पुण्याच्या पोराला मेल करून ठेव. कुणी म्हणतं, गावाचा ब्लॉग काढ आणि त्यावर टाक. तिथंच गाडी अडते. मेल जात नाही, गेला तर समोर उघडत नाही, ब्लॉगवर टाकलेलं दिसत नाही. खरं तर यात अवघड काही नाही. एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सोपं होतं.

पोतं पाकिटात मावत नाही

पोस्टाच्या पाकिटातून ज्वारीचं पोतं पाठवता येत नाही. पोतं गोदामात ठेवायचं आणि पाकिटातून गोदामाचा पत्ता पाठवायचा. व्हिडिओचंही तसंच आहे. व्हिडिओ इंटरनेटवर एका जागी ठेवायचा आणि त्या जागेचा पत्ता, म्हणजे लिंक, मेलमध्ये किंवा ब्लॉगवर द्यायची.

हिशोब असा आहे. साध्या स्मार्टफोनवर १०८० दर्जाचा व्हिडिओ काढला तर एका मिनिटाला साधारण १०० एमबी जागा लागते. फोन आणि सेटिंगप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो. जीमेलमध्ये एका मेलला सगळ्या फायली मिळून जास्तीत जास्त २५ एमबी जोडता येतात. म्हणजे पाव मिनिटाचा व्हिडिओसुद्धा कसाबसा मावतो. त्यात मेलमधून जाताना फाईल सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि समोरच्याच्या मेलची मर्यादा याहून कमी असू शकते. म्हणून जोडायची फाईल १५ एमबीच्या आत ठेवलेली बरी.

नुसता आवाज असेल तर मेल चालतो

आवाजाची फाईल हलकी असते. एमपी३ प्रकारात नेहमीच्या दर्जाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १ एमबी. दहा मिनिटांच्या ओव्या १० एमबीत बसतात आणि मेलला थेट जोडता येतात. ओव्या, मुलाखत, जुन्या माणसांच्या आठवणी असं काही असेल तर प्रत्येक वेळी व्हिडिओच काढायची गरज नाही. फोनमधलं रेकॉर्डर ॲप पुरेसं आहे.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर करू नये. ती फाईल ओपस नावाच्या प्रकारात असते आणि काही कॉम्प्युटरवर साध्या प्लेअरमध्ये वाजत नाही. आधीच व्हॉइस नोट केलेली असेल तर घाबरायचं कारण नाही, व्हीएलसी नावाच्या मोफत प्लेअरमध्ये ती वाजते.

रेकॉर्डिंगच्या आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या ओवीत कुणाचा तरी फोन येतो. पंखा बंद करावा. फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला तर घरघर जास्त आणि शब्द कमी येतात, म्हणून तो गाणारीच्या तोंडाजवळ धरावा. दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकावं आणि मगच पुढं जावं.

व्हिडिओ ठेवायचा कुठं?

पहिली जागा गुगल ड्राइव्ह. अँड्रॉइड फोनवर जीमेल चालू असेल तर ड्राइव्हसाठी वेगळं खातं काढावं लागत नाही. एका गुगल खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून. कृती अशी:

१. गॅलरीत व्हिडिओ उघडून 'शेअर' दाबावं, त्यात 'ड्राइव्ह' निवडावं आणि अपलोड करावं.

२. ड्राइव्ह ॲपमध्ये त्या फाईलच्या शेजारचे तीन ठिपके दाबून शेअरचं सेटिंग उघडावं.

३. तिथं आधी 'रिस्ट्रिक्टेड' असतं, म्हणजे कुलूप लावलेलं. ते बदलून 'एनीवन विथ द लिंक' करावं. शेजारी 'व्ह्यूअर' ठेवावं, 'एडिटर' नको. एडिटर केलं तर समोरच्याला फाईलमध्ये फेरफार करायची मुभा मिळते.

४. 'कॉपी लिंक' दाबून ती मेलमध्ये चिकटवावी.

बहुतेकांची चूक तिसऱ्या पायरीवर होते. लिंक जाते, पण कुलूप तसंच राहतं. समोरच्याला व्हिडिओऐवजी परवानगी मागणारं पान दिसतं आणि पाठवणारा निवांत असतो, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं नीट उघडतं. म्हणून लिंक पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहावी. तिथं चालली तर सगळीकडं चालेल.

ठरावीक एक-दोन माणसांनाच दाखवायचं असेल तर कुलूप काढायची गरज नाही. 'रिस्ट्रिक्टेड' तसंच ठेवून त्यांचा मेल पत्ता शेअरमध्ये टाकला की फक्त त्यांच्यासाठी दार उघडतं.

दुसरी जागा यूट्यूब. इथं व्हिडिओ चढवताना तीन पर्याय असतात. 'पब्लिक' म्हणजे सगळ्या जगाला दिसणार. 'अनलिस्टेड' म्हणजे लिंक ज्याच्याकडं आहे तो पाहणार, शोधून सापडणार नाही. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त आपल्याला आणि आपण ठरवलेल्या माणसांना. घरगुती गोष्टीसाठी 'अनलिस्टेड' बरं, पण लिंक कुणी पुढं ढकलली तर तीही फिरते, हे ध्यानात ठेवावं. नव्या खात्यावर १५ मिनिटांपर्यंतचाच व्हिडिओ चढतो. फोन नंबरची पडताळणी केली की त्याहून मोठा टाकता येतो. सिनेमातलं गाणं मागं लावू नये. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि गाण्याच्या मालकाचा दावा लागू शकतो.

ब्लॉगवर कसा दिसतो?

ब्लॉगवर किंवा वेबसाइटवर व्हिडिओ दिसतो, पण बहुतेक वेळा तो तिथं ठेवलेला नसतो. तो यूट्यूबवर असतो आणि ब्लॉगच्या पानावर त्याची फक्त खिडकी असते. याला एम्बेड करणं म्हणतात.

याचा खेड्यात मोठा फायदा आहे. यूट्यूब एकाच व्हिडिओच्या कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती करून ठेवतं आणि नेटचा वेग पाहून त्यातली जमेल ती दाखवतं. वाडीवर एक काडी रेंज असली तरी चित्र थोडं धूसर दिसेल, पण चालेल. तोच जड व्हिडिओ थेट वेबसाइटवर चढवला तर गोल गोल चक्री फिरत राहते.

ब्लॉगर ही गुगलची मोफत सेवा आहे. तिथं पोस्ट लिहिताना व्हिडिओ टाकायच्या बटणात यूट्यूबचा पर्याय मिळतो. वर्डप्रेसवर तर यूट्यूबची लिंक एका स्वतंत्र ओळीत चिकटवली की व्हिडिओ आपोआप उमटतो. इतर वेबसाइटसाठी एम्बेडचा कोड लागतो. कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडून व्हिडिओखालच्या 'शेअर'मध्ये 'एम्बेड' दाबलं की तो मिळतो. फोनमधल्या यूट्यूब ॲपमध्ये हा पर्याय नसतो, तो शोधण्यात वेळ घालवू नये.

नुसता आवाज ब्लॉगवर टाकायचा असेल तर इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था कामाची आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या साइटवर मोफत खातं काढून आवाजाची फाईल चढवता येते आणि तिचाही एम्बेड कोड मिळतो. मात्र तिथं ठेवलेलं सगळ्यांना खुलं असतं.

व्हिडिओ पान उघडताच आपोआप सुरू होईल असं सेटिंग ठेवू नये. वाचणाऱ्याचा डेटा उगाच जळतो.

एम्बेड मेलमध्ये चालत नाही

ब्लॉगचा कोड मेलमध्ये चिकटवून काही होत नाही. सुरक्षेसाठी मेलच्या सेवा असा कोड काढून टाकतात. मेलमध्ये लिंकच द्यावी, फार तर व्हिडिओतला एक फोटो वर लावावा. पण नुसती लिंक पाठवली तर फसवणुकीच्या भीतीने शहाणा माणूस ती उघडत नाही, आणि उघडू नयेच. म्हणून विषयाच्या ओळीत नीट लिहावं, आणि मेलमध्ये दोन ओळी: व्हिडिओत काय आहे, कुणाचा आहे, किती मिनिटांचा आहे.

मूळ फाईल जपा

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. आधीच दाबलेला व्हिडिओ पुन्हा दाबला गेला की आणखी खराब होतो. मग चेहरे पुसट, आवाज चिरका. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो आणि २ जीबीपर्यंतची फाईल जाते. ड्राइव्हवर किंवा यूट्यूबवर चढवताना मूळ फाईलच घ्यावी, ग्रुपवर फिरून आलेली नको. चढवताना १०० एमबीच्या फाईलला तेवढाच डेटा खर्च होतो, त्यामुळं वाय-फाय मिळेल तिथं हे काम उरकावं.

गोदामातलं पोतं उचललं तर पत्त्याचा उपयोग राहत नाही. जागा रिकामी करायला ड्राइव्हवरून फाईल काढली की पाठवलेली प्रत्येक लिंक मरते. म्हणून मोलाच्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक नेटवर, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा नातेवाइकाच्या कॉम्प्युटरवर.

नाव-गाव लिहिल्याशिवाय अर्धं काम

असं जपून ठेवलेलं किती मोठं होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पुढं २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाइटवर त्या आवाज आणि व्हिडिओसह येऊ लागल्या. कष्टकरी बायकांनी पहाटे जात्यावर बसून म्हटलेलं आता कुठल्याही फोनवर ऐकता येतं. तिथं नुसता आवाज नाही. कोण गातंय, कुठल्या गावची, ओवीचे शब्द काय, हेही लिहिलेलं आहे.

हीच सवय घरच्या रेकॉर्डिंगला लावावी. फाईलचं नाव आकड्यांचं राहू देऊ नये. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख टाकावी. खाली ओवीचे शब्द लिहावेत. नेटवरचा शोध मुख्यतः मजकुरावर चालतो, त्यामुळं शब्द लिहिले तर कुणाला तरी सापडतील. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही वाचता येतील.

आणि सगळ्यात आधी विचारावं. "आजी, हे सगळ्यांना ऐकवू का?" ती नको म्हणाली तर प्रायव्हेटच ठेवावं. माहेरच्या दुःखाची, सासुरवासाची ओवी चारचौघांत जावी की नाही, हे तिनंच ठरवायचं. लहान मुलांचे व्हिडिओ पब्लिक टाकताना आईवडिलांची परवानगी घ्यावी. मागं भिंतीवर फोन नंबर, टेबलावर आधार कार्ड किंवा बँकेचं पासबुक दिसत नाही ना, तेही पाहावं.

थोडक्यात

– आवाज असेल आणि फाईल १५ एमबीच्या आत असेल तर मेलला जोडा.
– व्हिडिओ असेल तर ड्राइव्ह किंवा यूट्यूबवर ठेवा, लिंक पाठवा.
– ड्राइव्हचं कुलूप काढलं का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासा.
– ब्लॉगवर एम्बेड, मेलमध्ये लिंक.
– मूळ फाईलच्या दोन प्रती, आणि नाव-गाव-तारीख.
– ज्याचा आवाज, त्याची परवानगी.

पहिल्यांदा हे करायला अर्धा-पाऊण तास जाईल, दुसऱ्यांदा दहा मिनिटं. सुरुवात घरातल्या सगळ्यात जुन्या माणसापासून करावी. बाकीचं सगळं नंतरही रेकॉर्ड करता येतं.