मालक हजला गेल्यावर दुकान कोण सांभाळील?

दिवाळीनंतर तेल्हाऱ्यात कापसाचा हंगाम भरात येतो. जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की किराणा, कापड, हार्डवेअर, गॅरेज अशा सगळ्याच दुकानांत गर्दी होते. यातली बरीच दुकाने एकाच माणसाच्या जिवावर चालतात. माल कुठून आणायचा, कोणाला किती उधारी द्यायची, कोणाची वसुली कधी येणार, हे फक्त मालकाला ठाऊक. गल्ल्याची किल्लीही त्याच्याच खिशात.

म्हणून घरात हजचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशांचा नसतो. हज कमिटीमार्फत जायचे तर साधारण चाळीस दिवस लागतात. तेवढे दिवस दुकान कोण सांभाळील? हा हंगाम जाऊ दे, थोरल्याचे शिक्षण होऊ दे, असे करत वर्षे जातात आणि गुडघे साथ सोडतात. आजारपण तर हंगाम पाहून येत नाही. कर्ता माणूस दवाखान्यात पडला की शटर खाली येते आणि त्या दुकानावर पोट असलेली चार घरे अडचणीत येतात.

दोष कामगारांचा नसतो. पंधरा वर्षे हाताखाली असलेल्या माणसाला आपण काम शिकवतो, पण निर्णय घ्यायला शिकवत नाही.

इस्लामच्या इतिहासात याचा फार मोठा धडा आहे. अखेरच्या आजारपणाच्या दिवसांत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शामच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या सैन्याचे नेतृत्व हजरत उसामा बिन जैद (र.) यांच्याकडे दिले. उसामा तेव्हा अठरा-वीस वर्षांचे होते. त्यांचे वडील एकेकाळी गुलाम होते. सैन्यात वयाने आणि अनुभवाने मोठे सहाबी होते. काहींनी कुरकुर केली, पण प्रेषितांनी निर्णय बदलला नाही. त्यांच्या वफातीनंतर खलीफा हजरत अबू बकर (र.) त्या सैन्याला निरोप द्यायला निघाले, तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि खलीफा पायी चालत होते. हजरत उमर (र.) यांना मदीनेत ठेवून घ्यायचे होते, तर खलीफांनी त्यासाठी उसामांची परवानगी मागितली. एकदा अधिकार दिल्यावर त्याचा मान देणाऱ्यानेही राखायचा असतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. मुलाने किंवा कामगाराने भाव सांगितला की मालक गिऱ्हाइकासमोरच तो मोडतो. मग पुढच्या वेळी तो माणूस स्वतः काही ठरवत नाही.

आता वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशातले उदाहरण पाहू. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. 1966 साली त्यांचे अचानक निधन झाले. मुलगा अझीम तेव्हा 21 वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून त्याला यावे लागले. कंपनी अनुभवी माणसाला विकून टाका, असा सल्ला एका भागधारकाने भर सभेत दिला. अझीम प्रेमजींनी तो मानला नाही आणि त्याच कारखान्यातून पुढे विप्रो उभी राहिली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. पण 1966 साली जबाबदारी अंगावर आली तेव्हा मुलगा अजून शिकतच होता, हेही खरे आहे. पुढच्या पिढीत तसे झाले नाही. मुलगा रिशद 2007 साली कंपनीत आला तो एका विभागात काम करायला. अध्यक्षपद मिळाले 2019 साली, म्हणजे बारा वर्षांनी. 2024 साली कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झालेले श्रीनिवास पल्लिया 1992 पासून तिथेच काम करत होते. विप्रोने बाहेरूनही मोठे अधिकारी आणले. गरज पडली तर त्यात वावगे नाही. पण घरातली माणसे तयार असली तर निवड करता येते, नाहीतर मिळेल त्यावर भागवावे लागते.

आपल्या दुकानाला हे कसे लागू करायचे? आधी माणूस निवडावा. सूरह कसस मध्ये हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला एक मुलगी वडिलांना देते. ती दोनच गुण सांगते, कुवत आणि अमानतदारी. नाते, जात, धर्म यांचा त्यात उल्लेख नाही. तो माणूस आपला मुलगा असेल, हिशोबात हुशार असलेली मुलगी असेल, किंवा जुमाच्या नमाजच्या वेळी आजही दुकान सांभाळणारा आपला हिंदू सहकारी असेल.

मग थोडे थोडे सोपवावे. जुमाचा एक तास तो सांभाळतोच, तर महिन्यातून एक पूर्ण दिवस द्यावा. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी आणि उधारी त्यालाच ठरवू द्यावी. चूक झाली तर संध्याकाळी शटर ओढल्यावर समजवावे, चारचौघांत नाही. आठवड्याला हिशोब मात्र नक्की घ्यावा. विश्वास टाकला म्हणून हिशोब सुटत नाही.

एक भीती सगळ्यांच्याच मनात असते, शिकवले तर हा उद्या समोरच दुकान टाकील. टाकीलही. रिज्क देणारा अल्लाह आहे. पण बहुतेक माणसे जातात ती पगारात वाढ आणि कामात मान मिळत नाही म्हणून. इस्लामी व्यवहारात मुदारबाची सोय आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, आणि नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. निष्काळजीपणा नसताना तोटा झाला, तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. नवी शाखा काढताना जुन्या माणसाला असे भागीदार करता येईल. मात्र करार कागदावर असावा. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनमध्येच आहे.

पुढच्या हजचा अर्ज भरायचा मनात असेल, तर आजच घरात बसून एक यादी करावी. आपल्याशिवाय दुकानात कोणती कामे अडतात आणि ती कोण शिकू शकेल? दर महिन्याला त्यातले एक काम सोपवले, तर इन्शाअल्लाह निघायच्या दिवशी गल्ल्याची किल्ली कोणाच्या हातात द्यायची, हे वेगळे ठरवावे लागणार नाही.